तटाआडची माणसे : ठाणे कारागृहाचा आरंभकाळ

ठाणे मध्यवर्ती कारागृहाची तटबंदी कैद्यांसाठी बांधलेली नाही. १७३० च्या सुमारास पोर्तुगिजांनी खाडीकाठी हा किल्ला बांधायला घेतला, तो साष्टी बेट मराठ्यांपासून राखण्यासाठी. काम पुरे होण्याआधीच, १७३७ साली, चिमाजी अप्पांच्या मोहिमेतल्या फौजा साष्टीत उतरल्या आणि अर्धवट किल्ला मराठ्यांच्या हाती आला. पुढची सदतीस वर्षे त्यावर पेशव्यांचा अंमल राहिला. पोर्तुगालहून गोव्याला नवे आरमार येते आहे आणि ते साष्टी परत घेणार, अशी कुणकुण मुंबईकर इंग्रजांना लागली तेव्हा त्यांनी घाई केली. १७७४ च्या डिसेंबरात जनरल रॉबर्ट गॉर्डनच्या हाताखाली फौज ठाण्यावर आली. २७ तारखेच्या रात्री खंदक बुजवण्याचा तिचा प्रयत्न मराठ्यांनी हाणून पाडला. दुसऱ्या दिवशी मात्र किल्ला पडला आणि आतल्या शिबंदीतल्या बहुतेकांची कत्तल झाली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच राहिली आणि किल्ल्याचे लष्करी महत्त्व हळूहळू ओसरत गेले.

किल्ल्याचा रीतसर तुरुंग झाला १८३३ साली. संस्थेचा इतिहास तिथून सुरू करण्याची रीत आहे. पण इथला पहिला नामांकित बंदी त्याच्या अठरा वर्षे आधी आला होता, आणि त्याची गोष्ट वगळली तर पुढच्या तुरुंगाचा स्वभावच कळत नाही.

१८१५ च्या जुलैत गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. संशय दुसऱ्या बाजीरावांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर होता. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने बाजीरावांवर दडपण आणून त्रिंबकजींना ताब्यात घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. ना त्यांच्यावर खटला चालला, ना शिक्षेची मुदत ठरली. त्यांना धरून ठेवणे हाच हेतू होता. देशी शिपाई फितूर होतील या भीतीने पहारा फक्त गोऱ्या सोजिरांचा ठेवला. हीच खबरदारी कंपनीला भोवली. किल्ल्यातल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या पदरी असलेला मराठी मोतद्दार त्रिंबकजींच्या खिडकीखाली घोड्याची चाकरी करता करता गाणी म्हणे, आणि त्या गाण्यांतून बाहेरच्या तयारीचे निरोप आत पोचत. पहारेकऱ्यांना त्यातले अक्षर कळत नव्हते. १२ सप्टेंबर १८१६ च्या संध्याकाळी शौचाला जाण्याच्या निमित्ताने त्रिंबकजी उठले, भिंतीला पाडून ठेवलेल्या भगदाडातून शेजारच्या तबेल्यात उतरले आणि निसटले. पुढे एल्फिन्स्टनने बाजीरावांकडून त्यांना पुन्हा हवाली करण्याची मागणी केली, हमी म्हणून सिंहगड, पुरंदर आणि रायगड मागितले, आणि १८१७ च्या तहाने पेशव्यांना पुरते जखडले. त्याच वर्षाच्या अखेरीस युद्ध पेटले. पेशवाई या एका पलायनामुळे बुडाली असे म्हणता येणार नाही, पण तिच्या शेवटच्या वर्षाची अनेक कलमे ठाण्याच्या त्या भगदाडापाशी येऊन मिळतात हे खरे.

त्रिंबकजी १८१८ साली पुन्हा पकडले गेले. त्यांना काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. १८२४ साली कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर याने त्यांना तिथे पाहिले आणि मोतद्दाराच्या गाण्याची हकीकत आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली. ठाण्याचा हा सर्वांत प्रसिद्ध बंदी १८२९ मध्ये चुनारच्या तटाआडच वारला.

हाच हेबर १८२५ च्या पावसाळ्यात पुण्याला आला होता. पेशव्यांच्या वाड्यात त्याला काय दिसले? तळाच्या मजल्यावर तुरुंग, वर दवाखाना आणि त्याच्याही वर वेडे ठरवलेल्यांची जागा. राज्य जाऊन सात वर्षे झाली होती. शनिवारवाड्याच्या एकाच छताखाली चोर, आजारी आणि मनाने खचलेले असे सगळे एकत्र आणून ठेवले होते. १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली आणि तो बहुतेक जळून गेला. माझ्या दृष्टीने महाराष्ट्रातल्या तुरुंगांच्या आणि मनोरुग्णालयांच्या इतिहासाचे पहिले पान हेच आहे. दोन्ही संस्था एका वास्तूत जन्मल्या, आणि त्यांना एकमेकींपासून वेगळे करायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली.

तुरुंग ही इंग्रजांच्या आधी इथे अजिबात नव्हती अशी गोष्ट नव्हे. पेशवाईत गडकिल्ल्यांवर माणसे अडकवून ठेवत. सखारामबापू बोकिलांसारखा मोठा मुत्सद्दीही अखेरचे दिवस गडाच्या कैदेत काढून गेला. साधे गुन्हेगार किल्ल्यांवरच्या बांधकामाला लावले जात. पण अमुक गुन्ह्याला अमुक महिने आत, अशी मोजदाद फारशी नव्हती. दंड, हद्दपारी, धिंड, अवयव तोडणे आणि क्वचित देहान्त या शिक्षांवर कारभार चाले. ही मोजदाद आली एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या कायदेसंहितेतून. तिच्यातल्या चौदाव्या रेग्युलेशनने मुंबई इलाख्यातले गुन्हे आणि त्यांच्या शिक्षा लिहून काढल्या. शिक्षेचे मुख्य माप काळ ठरले की काळ काढायला जागा लागते. जिल्ह्याजिल्ह्यात तुरुंगांची गरज पडली आणि कंपनीला नवी इमारत बांधण्यापेक्षा पडून असलेला किल्ला वापरणे सोयीचे वाटले. सहा वर्षांत ठाण्याच्या किल्ल्याचा जेल झाला तो या हिशेबाने.

त्या काळचा तुरुंग म्हणजे आज डोळ्यांसमोर येते तशी कोठड्यांची रांग नव्हती. मोठ्या बराकी असत. त्यांत माणसे दाटीने निजत, पायात बेड्या असत. हिंदुस्थानातल्या पुष्कळ तुरुंगांत कैद्याला रोजचा भत्ता मिळे, त्यातून तो शिधा घेई आणि आपापल्या जातीच्या चुलीवर स्वतः रांधून खाई. दिवसा बेड्यांसकट रस्त्यांच्या कामावर नेत. घरच्यांना, गाववाल्यांना रस्त्याच्या कडेला भेटता येई, चार शब्द बोलता येत. मेकॉलेच्या पुढाकाराने तुरुंगांसाठी नेमलेल्या समितीने १८३८ साली अहवाल दिला, आणि तिला नेमके हेच खटकले. बाहेरचे काम बंद करावे, कैद्याला भिंतीआड कंटाळवाण्या, एकसुरी श्रमाला लावावे, मोठ्या मुदतीच्या बंद्यांसाठी प्रांताप्रांतात मध्यवर्ती तुरुंग बांधावेत अशा तिच्या शिफारसी होत्या. शिकवून माणूस सुधारेल यावर तिचा विश्वास नव्हता. तुरुंगाची धास्ती वाटावी, पण तो जिवावर बेतू नये, अशी तिची भूमिका होती. तुरुंग जिवावर बेतत होताच. पटकी आणि आमांशाने बराकीच्या बराकी आडव्या होत, आणि काही महिन्यांची शिक्षा भोगायला आलेला माणूस परत घरी जाईलच याची खात्री नसे.

पुढे भत्ता बंद करून सगळ्यांसाठी एकच मुदपाकखाना सुरू झाला तेव्हा बिहारमधल्या तुरुंगांत दंगे उसळले. १८५५ मध्ये तिथल्याच आरा आणि मुझफ्फरपूरला कैद्यांचे पितळी लोटे काढून घेतल्यावर तुरुंगाबरोबर गावेही उठली. हे दंगे अडाणीपणाचे होते असे जुन्या अहवालांत लिहिलेले आढळते. मला ते पटत नाही. मुदत, बेड्या, काम हे सगळे त्या माणसांनी सोसले होते. कोणाच्या हातचे खायचे आणि कशातून पाणी प्यायचे, एवढाच निर्णय त्यांच्याकडे उरला होता. तोही गेल्यावर ते पेटून उठले.

ठाण्याच्या तुरुंगाला आणखी एक काम होते आणि त्यामुळे त्याचे नाव दूरदूर पोचले. काळ्या पाण्याच्या वाटेवरचा तो मुक्काम होता. मुंबई इलाख्यातल्या जन्मठेपेच्या बंद्यांना इथे आणून ठेवत, मग मुंबई बंदरातून जहाजात चढवत. अंदमानची वसाहत १८५८ ची. त्याच्याआधी कितीतरी वर्षे आपली माणसे पेनांग, सिंगापूर, मॉरिशस आणि एडनला जात होती. मॉरिशसला हिंदी बंदी १८१५ पासून जाऊ लागले. तिथले रस्ते आणि पूल त्यांच्या हातचे आहेत. चार्ल्स डार्विनचे जहाज १८३६ मध्ये पोर्ट लुईला थांबले होते, तेव्हा त्याने हे हिंदी कैदी पाहिले आणि त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांबद्दल लिहून ठेवले. उलट दिशेनेही माणसे येत. मलायाच्या इंग्रजी वसाहतींतून चिनी आणि मलायी बंदी मुंबई इलाख्यात पाठवले जात. त्यांपैकी शंभरावर माणसे महाबळेश्वरच्या तुरुंगात होती. थंड हवेच्या त्या गावाचा भाजीपाला, बटाटे, वेताच्या टोपल्या यांचा उगम त्यांच्या श्रमात आहे. १८६४ साली तो तुरुंग बंद झाला. महाबळेश्वरची भाजी-फळे कौतुकाने घरी आणणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना या माणसांची आठवण असते?

ठाण्यात फाशीही दिली जाई. अकोले तालुक्यातल्या देवगावचे महादेव कोळी राघोजी भांगरे यांनी १८४० च्या दशकात नगर-ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात सावकारशाही आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध बंड उभारले. सरकारी कागदांत ते दरोडेखोर आहेत, डोंगरातल्या आठवणीत क्रांतिकारक. १८४८ च्या आरंभी त्यांना पंढरपुरात पकडले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. पाच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. तिचा वाढदिवस ठाणेकर दरवर्षी साजरा करतात. राघोजींचा दिवस मुख्यतः आदिवासी समाजाने जपला, आणि शहराने त्याला बऱ्याच उशिरा जवळ केले.

आता वेड्यांच्या इस्पितळाकडे वळतो, कारण ते या तुरुंगाचे सख्खे भावंड आहे.

मुंबईत मनोरुग्णांसाठी कुलाब्याला इस्पितळ होते. ते १८२० च्या दशकातले. तेव्हा कुलाबा हे मुंबईपासून सुटे बेट होते. बांधीव रस्त्याने ते जोडले गेले १८३८ साली. भरती आली की वाट बंद, अशा ठिकाणी वेडे ठेवायचे, यामागची दृष्टी कळायला वेगळा पुरावा नको. गोऱ्यांसाठी आणि देशी माणसांसाठी वागणूक एक नव्हती. भ्रमिष्ट गोरा सोजीर किंवा खलाशी शक्य तितक्या लवकर विलायतेच्या जहाजावर चढवला जाई. आपल्या लोकांसाठी परतीचे जहाज नव्हते. जिल्ह्यांत तर इस्पितळही नव्हते. वेडसर माणूस रस्त्यावर सापडला, त्याने आरडाओरडा केला, कोणाच्या अंगावर गेला, की तो जवळच्या तुरुंगात जाई. त्याने गुन्हा केलेला नसे. त्याच्यासाठी दुसरे दार उघडे नव्हते, एवढेच.

कंपनीचे राज्य संपले त्याच वर्षी, १८५८ मध्ये, यासंबंधी कायदे झाले. त्यांतल्या छत्तिसाव्या कायद्याने सरकारी वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था घालून दिली. मात्र भरती व्हायची ती मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने. पोलिसाने आणायचे, डॉक्टरने दाखला द्यायचा, मॅजिस्ट्रेटने सही करायची. इस्पितळ वेगळे झाले तरी त्याच्या दाराशी चौकी तीच राहिली. नागपूरचे इस्पितळ १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे. कुलाब्यात जागा पुरेना, शहर दक्षिणेकडे वाढत आले, तेव्हा ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला मोठ्या जमिनीवर नवे इस्पितळ उभे राहिले. शेठ नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीमुळे त्यांचे नाव त्याला दिले गेले. साल १९०१. मुंबईपासून लांब, पण रेल्वेने जवळ, अशी ही जागा होती. पुढे येरवड्यालाही इस्पितळ झाले.

महाराष्ट्राचा नकाशा समोर घेतला तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, आणि या चारही ठिकाणी जुने, मोठे तुरुंग आहेत. हा योगायोग मानायला मी तयार नाही. जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन बहुधा तुरुंगाचाही वैद्यकीय अधिकारी असे, कित्येकदा अधीक्षकच असे. तोच माणूस सकाळी बराकीत फेरी मारी आणि नंतर वेड्यांच्या इस्पितळात जाई. उंच भिंत, मोजून दिलेला शिधा, ठरल्या वेळी कुलूप, वही, गजर. कारभार चालवण्याची एकच पद्धत त्याला ठाऊक होती आणि ती त्याने दोन्हीकडे लावली. तुरुंगांच्या महानिरीक्षकांच्या हाताखालून ही इस्पितळे डॉक्टरांच्या कारभारात आणण्याचा विचार पक्का झाला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीस, आणि १९१२ च्या कायद्याने त्याला रूप दिले. त्या कायद्यातही 'निरीक्षणासाठी' म्हणून माणसाला कोठडीत ठेवण्याची वाट मोकळी राहिली.

वेड्यांच्या आधी मुलांना वेगळे काढण्यात आले. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ पासून होती. १८७६ च्या सुधारशाळा कायद्याने मोठ्यांच्या तुरुंगाऐवजी मुलाला शाळेत पाठवण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. महारोग्यांसाठी १८९८ मध्ये कायदा आला. या सगळ्या सालांची संगती लावून पाहिली की मला संस्थेच्या इतिहासाचा खरा धागा सापडतो. तुरुंगात कोणाला घालायचे हे राज्यकर्त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. कोणाला घालू नये हे त्यांना फार सावकाश, माणसे मरत असताना, एकेक करून शिकावे लागले. मूल नको, वेडा नको, रोगी नको.

क्रांतिकारकांचा इतिहास इथे थोडक्यात सांगतो, कारण तो महाराष्ट्राला पाठ आहे. वासुदेव बळवंत फडके यांना पुण्याच्या खटल्यात जन्मठेप झाल्यावर ठाण्यात ठेवले आणि १८८० च्या जानेवारीत एडनला नेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उचकटून पळाले, पुन्हा पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारले. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी कलेक्टर जॅक्सनचा वध करणारे अनंत कान्हेरे आणि त्यांचे साथी कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी याच तुरुंगात फाशी झाली. तिघेही ऐन तारुण्यात होते. विनायक दामोदर सावरकरांचाही अंदमानला जाण्याआधीचा मुक्काम इथे झाला आणि त्याचे वर्णन त्यांनी स्वतः करून ठेवले आहे. ज्यांना लिहिता येत होते आणि जे परत आले, त्यांच्यामुळेच आपल्याला बराकीच्या आतले काही कळते.

वेड्यांचा प्रश्न मात्र स्वातंत्र्यानंतरही तुरुंगातून पुरता सुटला नाही. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी १९८० च्या दशकात महिला बंद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावरच्या १९८३ च्या निकालाने पोलीस कोठडीतल्या स्त्रियांच्या संरक्षणासाठी आणि अटकेतल्या गरिबांच्या कायदेशीर मदतीसाठी नियम घालून दिले. पुढे त्यांच्याच याचिकेत, पश्चिम बंगालमधल्या तुरुंगांची चौकशी झाल्यावर, ऑगस्ट १९९३ मध्ये न्यायालयाने सांगितले की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. शनिवारवाड्यातल्या त्या व्यवस्थेला तेव्हा जवळजवळ पावणेदोनशे वर्षे होत आली होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगात तरी मानसोपचाराचा विभाग असावा असे बंधन घातले. आजही आपल्या तुरुंगांत शिक्षा झालेल्यांपेक्षा कच्चे कैदी अधिक आहेत. त्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही, आणि निकालाच्या आधीच त्यांची उमेद खचू शकते. हे कोणी तरी वेळेवर ओळखणे हेही आता या संस्थेचे काम आहे.

या स्मरणिकेच्या निमित्ताने कारागृहाला आणि शहरालाही एक विनंती करावीशी वाटते. १८९४ च्या तुरुंग कायद्याने दाखल झालेल्या प्रत्येक बंद्याची नोंदवही, शिक्षांची वही, भेट देणाऱ्यांच्या शेऱ्यांची वही ठेवणे सक्तीचे केले. त्याही आधीच्या काळातल्या, समुद्रापार पाठवलेल्या कैद्यांच्या याद्यांत नाव, बापाचे नाव, जात, गुन्हा आणि अंगावरच्या खुणा लिहिलेल्या असत. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात न्यायखात्याच्या दप्तरांत इलाख्याच्या तुरुंगांचा पत्रव्यवहार आहे. ठाण्याच्या नावाने असलेली पाने तिथून काढून, ती वाचून, मोडीतली लिप्यंतरित करून एका ठिकाणी आणावीत. कारागृहाच्या कपाटांत जुन्या वह्या उरल्या असतील तर वाळवी लागण्याआधी त्यांची छायाचित्रे घ्यावीत. मोडी वाचणारी माणसे ठाण्यात आहेत, महाविद्यालयांत इतिहासाचे विद्यार्थी आहेत. राघोजी, फडके, कान्हेरे यांची नावे आपण जपली. इथून मॉरिशसला, पेनांगला, एडनला गेलेल्या आणि बराकीत पटकीने मेलेल्या माणसांची गावे बहुधा आपल्याच तालुक्यांतली आहेत, आणि नावे सापडली तर त्यांच्या घराण्यांपर्यंत पोचणेही अशक्य नाही.